सर म्हणतात ‘टोन नाही’: चित्रकलेचे पहिले शब्द आणि ते कागदावर आणायची रीत

प्रश्न थोडक्यात असा. कराडची एक मुलगी नववीत आहे, शासकीय रेखाकला परीक्षांपैकी एलिमेंटरी झाली आहे आणि आता पुढच्या इंटरमिजिएटची तयारी चालू आहे. स्थिरचित्राचा (समोर मांडलेल्या वस्तू बघून काढलेल्या चित्राचा) कागद दाखवला की सर ठरलेली चार वाक्यं बोलतात: ‘टोन नाही’, ‘वस्तू बसलेली नाही’, ‘रचना सुटी-सुटी आहे’, ‘रंग मळलेत’. रेषा, आकार, छायाभेद, पोत, अवकाश, समतोल, लय या सगळ्यांच्या व्याख्या तिला पाठ आहेत. पण कागदावर नेमकं काय करायचं आणि आधी काय शिकायचं, ते कळत नाही.

सरांची चारही वाक्यं नेमक्या दुखण्यावर बोट ठेवणारी आहेत. आपण ती एकेक करून घेऊ. पण माझं मत आधीच सांगून टाकणं बरं: चारपैकी तीन तक्रारींचं मूळ टोनमध्येच असतं. टोन बरोबर असेल तर रंग थोडा इकडेतिकडे झाला तरी चित्र उभं राहतं. टोन चुकला तर कितीही महागडे रंग आणा, चित्र सपाटच दिसणार. म्हणून इथं टोनवर जास्त वेळ जाईल आणि काही शब्द दोन ओळींतच उरकतील.

टोन म्हणजे एखादी जागा किती उजळ किंवा किती गडद आहे, एवढंच. पुस्तकात त्यालाच छायाभेद म्हटलेलं असतं. रंग कोणता, याच्याशी त्याचा संबंध नाही. लिंबाचा सावलीतला भाग आणि त्यामागच्या मडक्याचा उजेडातला भाग यांचे रंग वेगळे असले तरी टोन अगदी एक असू शकतो, आणि तसा असला की त्या जागी लिंबाची कड मडक्यात मिसळून जाते. ‘टोन नाही’ असं ऐकायला मिळतं तेव्हा बहुतेक वेळा कागदावर दोनच टोन असतात: कोरा कागद आणि पेन्सिलीचा मधला राखाडी. खरा गडद कुठेच नसतो. तो लावायची भीती वाटते, कारण एकदा लावला की खोडरबरानं नीट निघत नाही. मग सगळं चित्र फिक्या बाजूलाच अडकून पडतं.

यावर उपाय म्हणजे टोनची पट्टी. ३ सेंमीचे पाच चौकोन एकाला एक लागून आख. पहिला कोरा ठेव. पाचवा ६बी, म्हणजे मऊ आणि गडद पेन्सिलीनं जितका काळा होईल तितका कर, थांबायचं नाही. मग तिसरा, बरोबर मधला. शेवटी दुसरा आणि चौथा. हा क्रम मुद्दाम असा आहे. डावीकडून सुरुवात करून क्रमानं भरत गेलं, तर पहिले तीन चौकोन जवळजवळ सारखे होतात आणि शेवटी एकदम उडी मारावी लागते. दोन्ही टोकं आधी ठरली की मधले टोन त्यांच्याशी ताडून ठरवता येतात. पट्टी झाली की हातभर लांब धर आणि डोळे किलकिले करून बघ. शेजारचे दोन चौकोन एकमेकांत मिसळले तर त्यांतला एक चुकला आहे.

भरताना जोर लावून एका दमात गडद करू नकोस. हलक्या हातानं एका दिशेनं रेघा, त्यावर थोड्या तिरक्या दिशेनं दुसरा थर, मग तिसरा. कागदाच्या खळग्यांत शिसं हळूहळू भरत जातं आणि टोन सारखा येतो. जोर लावला की कागदाचे उंचवटे दबून गुळगुळीत होतात आणि त्यावर पुढचा थर बसत नाही, नुसती चकाकी येते. बोटानं घासायची सवय तर आजच सोड. बोटाचं तेल कागदाला लागतं, तिथं पुढे पेन्सिलही नीट चालत नाही आणि जलरंगही डाग धरतो. शिवाय घासल्यानं सगळे टोन एकाच मधल्या राखाडीकडे सरकतात, म्हणजे जे दुखणं आहे तेच वाढतं.

पट्टी जमली की एक अंडं घे. अंडं अशासाठी, की ते पांढरं आहे, त्याला स्वतःचा रंग नाही, त्यामुळे डोळ्याची फसगत होत नाही. पांढऱ्या कागदावर खिडकीजवळ ठेव आणि खोलीतली ट्यूब बंद कर. उजेड एकाच बाजूनं यायला हवा. दोन बाजूंनी उजेड आला तर दोन सावल्या पडतात, त्या एकमेकींना खातात आणि गोलाई दिसतच नाही. सुरुवातीच्या कितीतरी चित्रांतला गोंधळ एवढ्या एका कारणानं होतो.

आता नीट बघ. उजेड जिथं थेट येतो तिथं सर्वांत उजळ जागा, तिला हायलाइट म्हणतात. तिच्याभोवती उजेडाचा भाग. मग वळत वळत मधला टोन. मग एक गडद पट्टा, जिथं अंडं उजेडाकडे पाठ फिरवतं. याला मूळ छाया म्हणू. आणि त्याच्याही पलीकडे, कडेपाशी, परत थोडं उजळ होतं. खालच्या कागदावर पडलेला उजेड उसळून अंड्याच्या पोटाला लागतो, तो हा परावर्तित प्रकाश. शेवटी कागदावर पडलेली सावली, पडछाया. नवीन मुलं जवळपास हटकून सर्वांत गडद टोन कडेला लावतात, त्यामुळे अंडं गोल न दिसता काळ्या काठाची चकती दिसते. गडद पट्टा कडेच्या थोडा आत असतो, हे एकदा डोळ्यानं पाहिलं की ती चूक परत होत नाही.

दुसरी चूक याच्या उलट: परावर्तित प्रकाश आवडला म्हणून तो इतका उजळ ठेवायचा, की सावलीच्या बाजूला दुसरा दिवा लावल्यासारखं दिसतं. एक नियम लक्षात ठेव. एकाच रंगाच्या वस्तूवर सावलीच्या भागातली सर्वांत उजळ जागासुद्धा उजेडाच्या भागातल्या सर्वांत गडद जागेपेक्षा गडदच असते. शंका आली की परत डोळे किलकिले कर. उजेड आणि सावली अशी दोनच क्षेत्रं दिसायला हवीत.

पडछायेचंही एक आहे. ती सगळीकडे सारखी नसते. वस्तूला चिकटून असते तिथं सर्वांत गडद आणि कड धारदार. लांब जाईल तशी फिकी होते आणि कड विरघळते. वस्तू आणि टेबल जिथं टेकतात तिथं एक बारीक, जवळजवळ काळी रेघ दिसते, कारण त्या फटीत उजेड पोचतच नाही. ही रेघ विसरली की वस्तू हवेत तरंगते. सरांच्या दुसऱ्या वाक्याचा, ‘वस्तू बसलेली नाही’ याचा, निम्मा उलगडा इथंच होतो.

अंड्यानंतर द्राक्षं घेऊन बघ. आपल्या भागात तासगावची द्राक्षं सहज मिळतात आणि परीक्षेच्या मांडणीतही फळं असतातच. हिरव्या द्राक्षाचा एकच मणी घडापासून सोडवून खिडकीत ठेव. उजेड डावीकडून येत असेल तर डावीकडे बारीकसा हायलाइट दिसेल, पण त्याच्या भोवतीचा भाग अंड्यासारखा उजळ नसेल. उलट उजवीकडे, जिथं अंड्यावर सावली होती तिथं, मणी आतून उजळलेला दिसेल. उजेड मण्यात शिरतो आणि पलीकडच्या बाजूनं बाहेर पडतो. त्याच्या पडछायेतही मधोमध एक हिरवट उजळ ठिपका सापडेल. द्राक्ष लिंबासारखं रंगवलं की ते प्लॅस्टिकचं दिसतं, त्याचं कारण हे. काळ्या द्राक्षात उजेड इतका आरपार जात नाही, पण त्याच्यावर पांढरी झाक असते. ती दाखवायला हायलाइट धारदार न ठेवता निळसर राखाडी आणि पसरट ठेव, आणि जिथं बोट लागून झाक पुसली गेली आहे तिथंच एखादा चकचकीत काळा डाग. बारा-पंधरा मण्यांच्या घोसात असे तीन-चार मणी बारकाईनं केलेस तर बाकीचे नुसत्या टोनमध्ये सोडले तरी चालतात.

पोत हा शब्दही इथंच समजून घे, कारण पोत म्हणजे मुख्यतः टोन बदलण्याची पद्धत. पितळी तांब्यावर अगदी पांढऱ्याशेजारी अगदी काळं येतं, मधले टोन फार कमी, आणि कडा धारदार. मातीच्या मडक्यावर उलट: हायलाइट जवळजवळ नाही, टोन हळूहळू बदलतात, कडा मऊ. मडकं खरबरीत दाखवायला सगळीकडे ठिपके मारत बसू नकोस. खरबरीतपणा फक्त मधल्या टोनच्या पट्ट्यात, उजेड-सावलीच्या सीमेवर दिसतो. भर उजेडात तो धुऊन जातो आणि गडद सावलीत बुडून जातो. सांगलीच्या हळदीतलं एखादं हळकुंड यासाठी उत्तम नमुना आहे: त्यावरच्या आडव्या वळ्या त्या सीमेवरच ठळक दिसतात.

आता ‘वस्तू बसलेली नाही’ याचा उरलेला निम्मा भाग. तांब्या, वाटी, मडकं, ग्लास यांचं तोंड गोल असतं, पण आपल्याला दिसतो तो लंबगोल. तोंडाचा लंबगोल बरेच जण ठीक काढतात आणि तळाला मात्र सरळ रेघ मारतात. कारण मनात असतं, ‘टेबल सपाट, मग तळ सपाट’. प्रत्यक्षात डोळ्यांच्या पातळीपासून गोल जितका खाली, तितका तो जास्त उघडा दिसतो. म्हणजे तोंडापेक्षा तळाची वक्ररेषा जास्त फुगीर हवी. खात्री करायची असेल तर पाण्यानं अर्धा भरलेला काचेचा ग्लास हळूहळू डोळ्यांसमोर वर ने. तोंड डोळ्यांच्या बरोबर पातळीत आलं की त्याची सरळ रेघ होईल, आणि पाण्याचा व तळाचा लंबगोल त्याखाली क्रमानं उघडत गेलेले दिसतील.

लंबगोल काढायची रीत: आधी मधून एक उभी अक्षरेषा. तिला काटकोनात तोंडाची आडवी रेषा, दोन्ही बाजूंना सारखी. मग लंबगोल हलक्या हातानं, मनगट न टेकवता, खांद्यातून हात फिरवत दोन-तीनदा गिरवून काढ आणि त्यांतली बरोबर रेघ ठेव. दोन्ही टोकं गोलच राहायला हवीत. ती टोकदार झाली तर तोंडाचा आकार होडीचा होतो. अगदी मोठ्या मुलांच्या कागदावरही हे सर्रास दिसतं. अदृश्य बाजूसुद्धा आधी पूर्ण काढ, नंतर खोड. अर्धाच लंबगोल काढला की डावी-उजवी बाजू कधीच जुळत नाही.

प्रमाण मोजायला पेन्सिल. हात कोपरात न वाकवता पूर्ण लांब कर, एक डोळा मीट, पेन्सिलीचं टोक तांब्याच्या डाव्या कडेला आणि अंगठा उजव्या कडेला धर. ही झाली रुंदी. आता पेन्सिल उभी करून ती रुंदी उंचीत किती वेळा बसते ते बघ. सव्वा वेळा बसली तर कागदावरही उंची रुंदीच्या सव्वापट. सेंटीमीटरमध्ये मोजायचं नाही, फक्त एकाशी दुसऱ्याचं नातं मोजायचं. कोपर थोडं जरी वाकलं तर माप बदलतं, आणि मग वाटतं की ही पद्धतच चुकीची आहे. मोजायचं बसल्या जागेवरून, पुढे-मागे न वाकता.

रेषेबद्दल थोडंसंच. पेन्सिलीची बाह्यरेषा ही मदतीची रेषा आहे, प्रत्यक्ष वस्तूला रेघ नसते. तिथं फक्त एक टोन संपून दुसरा सुरू होतो. रंगवून झाल्यावर सगळ्या वस्तूंना काळी रेघ फिरवायची सवय स्थिरचित्रात घातक आहे. टोनमध्ये केलेलं सगळं काम ती एका फटक्यात सपाट करते. संकल्पचित्रात (आकार आणि रंगांच्या सजावटीच्या नक्षीत) मात्र हीच रेघ चालते, कारण तिथं सपाटपणाच हवा असतो.

तिसरी तक्रार, ‘रचना सुटी-सुटी’. रचना म्हणजे कागदाच्या चौकटीत वस्तू, त्यांच्या सावल्या आणि त्यांमधल्या मोकळ्या जागा यांची मांडणी. सुरुवातीला लक्ष फक्त वस्तूंवर असतं, मोकळ्या जागा कुणी बघत नाही. तांब्याचा कान आणि पोट यांमधली फट, मडकं आणि केळी यांमधला त्रिकोण, हेही आकार आहेत. ते बरोबर आले की वस्तू आपोआप बरोबर येतात. पुस्तकात यालाच अवकाश म्हणतात.

रचना सुटी दिसण्याची कारणं बहुतेक वेळा तीन-चारच असतात. सगळ्या वस्तू शेजारी-शेजारी उभ्या, एकही दुसरीच्या पुढे आलेली नाही. किंवा दोन वस्तूंच्या कडा नेमक्या एकमेकींना टेकलेल्या. अशानं कोण पुढे, कोण मागे, हे कळत नाही. एक तर स्पष्ट झाकू दे, नाहीतर स्पष्ट अंतर ठेव. टेबलाची मागची कड कागदाच्या बरोबर मध्यातून जात असेल तर चित्राचे दोन तुकडे पडतात. ती वर किंवा खाली सरकव. आणि वस्तू कागदाच्या मानानं फार लहान काढल्या तर भोवती नुसता ओसाड कागद उरतो. मांडणीनं, सावल्या धरून, कागदाचा साधारण दोन-तृतीयांश भाग व्यापलेला असावा.

पण खरी जोडणी होते ती पुन्हा टोननंच. तांब्याची मूळ छाया, त्याची पडछाया आणि ती सावली जिच्यावर पडली त्या वाटीचा गडद भाग, हे तिन्ही एका सलग गडद पट्ट्यात गुंफ. आतल्या कडा थोड्या हरवल्या तरी हरकत नाही. गडद जागा चित्रभर विखुरलेल्या असल्या की वस्तू सुट्या दिसतात. गडद जागा एकमेकींना धरून असल्या की त्याच वस्तू एकत्र येतात. हे ठरवायला मूळ कागदाला हात लावायच्या आधी कोपऱ्यात किंवा वेगळ्या कागदावर आगपेटीएवढ्या तीन चौकटी आख आणि प्रत्येकीत फक्त तीन टोनमध्ये, पांढरा, मधला आणि गडद, मांडणी बसवून बघ. एकेका चौकटीला दोन मिनिटांपेक्षा जास्त देऊ नकोस. तिन्हींत जी लांबूनही ओळखू येते ती घे.

समतोल, लय, विरोध, एकसंधता हे शब्द स्थिरचित्रात याच कामातून येतात, त्यांचा वेगळा अभ्यास करायला नको. संकल्पचित्रात मात्र ते उघडपणे लागतात. तिथं एवढं बघ: सगळे आकार एकाच मापाचे नकोत आणि सगळ्या फटी एकाच रुंदीच्या नकोत. मोठा, मध्यम आणि लहान असे आकार हवेत. लय म्हणजे त्याच आकाराची बदलत्या अंतरानं किंवा मापानं आवृत्ती. माणदेशातल्या घोंगडीच्या काठाचे पट्टे एकदा बघितले तर अंतराच्या कमी-जास्तीनं काय साधतं ते समजेल. पोस्टर कलर साईइतका घट्ट हवा. पातळ झाला तर ब्रशचे पट्टे दिसतात, जाड लावला तर वाळल्यावर तडे जातात. एका आकाराला लागणारा रंग एकदाच पुरेसा कालवून ठेव. मध्येच संपला तर तोच रंग परत जुळवणं फार अवघड.

‘रंग मळलेत’ याकडे येऊ. रंगाच्या बाबतीत तीन गोष्टी वेगवेगळ्या बघायच्या. रंग कोणता (लाल, हिरवा, जांभळा), तो किती उजळ किंवा गडद, आणि तो किती तेजस्वी किंवा मंद. केळं आणि यलो ऑकर (मातकट पिवळा), दोन्ही पिवळेच, पण ऑकर मंद आहे. ‘रंग चुकला’ असं वाटतं तेव्हा या तिघांपैकी नेमकं काय चुकलं ते विचार. बहुतेक वेळा चूक उजळ-गडदपणात असते, म्हणजे परत टोन. तो पहिल्या वेळी चुकला म्हणून वरून दुसरा हात, तिसरा हात देत बसायचं आणि खालचा रंग सुटून वरच्यात मिसळत जायचा: मळण्याचं सर्वांत मोठं कारण हे.

पुढचं कारण मिश्रणाचं. लाल, पिवळा, निळा हे मूळ रंग आणि त्यांच्या मिश्रणातून नारिंगी, हिरवा, जांभळा, इतकं रंगचक्र सांगतं. पण डब्यातला प्रत्येक निळा सारखा नसतो. अल्ट्रामरीन जांभळ्याकडे झुकतो, प्रशियन हिरव्याकडे. म्हणून लेमन यलोत प्रशियन घातला तर टवटवीत हिरवा मिळतो, अल्ट्रामरीन घातला तर मंद, पानाच्या सावलीला चालेल असा. उलट क्रिमसन (जांभळ्याकडे झुकणारा लाल) आणि अल्ट्रामरीन यांचा जांभळा स्वच्छ येतो, आणि व्हर्मिलियन (नारिंगीकडे झुकणारा लाल) व प्रशियन यांचा मात्र तपकिरी चिखल होतो. मंद रंग वाईट नसतो, तो नको तिथं आला की मळलेला दिसतो. एका मिश्रणात दोन रंग, फार तर तीन. चौथा घातला की सगळी मिश्रणं एकाच करड्याकडे जातात.

सावलीसाठी काळा वापरू नकोस. पिवळ्यात काळा घातला की पिवळ्याची सावली होत नाही, शेवाळी हिरवा होतो. लिंबाच्या पोटाला बुरशी आल्यासारखं दिसतं. त्याऐवजी यलो ऑकर, त्यात जरासा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अगदी टोकावर मावेल इतका जांभळा. रंगचक्रात समोरासमोर येणारे रंग हे विरोधी रंग: पिवळा-जांभळा, लाल-हिरवा, निळा-नारिंगी. शेजारी ठेवले तर एकमेकांना उठाव देतात, एकमेकांत मिसळले तर तेज कमी करतात. टोमॅटोच्या सावलीला क्रिमसनमध्ये थोडा अल्ट्रामरीन. खरा गडद हवा असेल तर अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी). काळ्याइतका गडद होतो आणि मेल्यासारखा दिसत नाही.

जलरंगात उजळाकडून गडदाकडे जायचं, कारण पांढरा म्हणजे तुझा कागद. हायलाइट आधीच सोडून ठेवावा लागतो. पोस्टर कलरमध्ये पांढरा वरून लावता येतो. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, म्हणून ओला असताना हवा त्यापेक्षा थोडा गडद लाव, आणि त्याच कागदाच्या तुकड्यावर आधी लावून, वाळवून बघ. कागद पूर्ण ओला असताना दुसरा रंग सोडला तर तो मऊ पसरतो. पूर्ण वाळल्यावर लावला तर कड धारदार येते. अर्धवट ओल्यावर, म्हणजे चकाकी गेलेली पण हाताला गार लागतोय अशा कागदावर, ओला ब्रश टेकवला की पाणी रंगाला बाजूला ढकलतं आणि दातेरी काठाचा डाग पडतो. पडला तर लगेच पुसायला जाऊ नकोस. पूर्ण वाळू दे, मग बघ. आणि पाण्याची भांडी दोन ठेव: एकात ब्रश धुवायचा, दुसऱ्यातलं स्वच्छ पाणी रंग कालवायला. निम्मा मळ एवढ्यानंच जातो.

स्मरणचित्रासाठी, म्हणजे आठवणीतून काढायच्या प्रसंगासाठी, अवकाशाच्या दोन गोष्टी पुरतात. पहिली क्षितिजरेषा: ती म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांची उंची. सपाट मैदानात तू उभी असशील तर जवळची असोत की लांबची, उभ्या मोठ्या माणसांची डोकी साधारण त्याच रेषेवर येतात. फक्त पाय वर-खाली होतात. लहान मुलं रेषेच्या खाली. बेंदराची (बैलांच्या सणाची) मिरवणूक किंवा आठवडा बाजार काढताना लांबची माणसं लहान करून वर कुठेतरी लटकवली जातात, ती या नियमानं जमिनीवर येतात. कराडच्या प्रीतिसंगमाच्या घाटावर वरच्या पायरीवरून बघितलंस तर डोळ्यांची उंची वाढते, रेषा वर जाते आणि खालच्या माणसांची डोकी रेषेखाली येतात. इमारतीच्या, रस्त्याच्या मागे जाणाऱ्या रेषा या क्षितिजरेषेवरच्या एका बिंदूकडे धावतात: डोळ्यांच्या वरच्या खाली उतरत, खालच्या वर चढत. तो लोपबिंदू. माणसाचं प्रमाण मोठ्यासाठी डोक्याच्या साडेसातपट, पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी साधारण पाच ते साडेपाचपट.

दुसरी गोष्ट हवा. कराडजवळचा आगाशिवचा डोंगर जवळून आणि त्यामागचे डोंगर लांबून एकाच नजरेत बघ. मागे जावं तसे गडद टोन फिके आणि निळसर होत जातात, उजेड-सावलीतला फरक कमी होतो. मधल्या हवेतली धूळ आणि बाष्प उजेड विखुरतात म्हणून असं होतं. डोंगर म्हणजे हिरवा, असं डोक्यात धरून मागचा डोंगरही गडद हिरवा केला की तो पुढच्या झाडावर येऊन आदळतो.

शिकण्याचा क्रम विचारला आहेस. दोन आठवडे फक्त पेन्सिल: लंबगोल, मोजणं आणि टोनची पट्टी. मग तीन-चार आठवडे एकच पांढरी वस्तू, मग एका रंगाची, मग दोन वस्तू एकत्र, सगळं पेन्सिलीत. त्यानंतर एकाच रंगात, बर्न्ट अंबर आणि पाणी एवढंच घेऊन, पूर्ण मांडणी. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सर्वांत जास्त फायदा हीच देते. रंगाची काळजी नसल्यामुळे टोनकडे पूर्ण लक्ष जातं. रंगपेटी त्यानंतर. मध्ये एकदा सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाऊन ये. १९३८ साली औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या श्री भवानी वस्तुसंग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत. एका चित्रासमोर थांबून आधी लांबून डोळे किलकिले करून गडद जागा कशा जोडल्या आहेत ते बघ, मग जवळ जाऊन कुठली कड धारदार ठेवली आहे आणि कुठली सोडून दिली आहे ते. छापील प्रतीत कडांमधला हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. तिथंच ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं माता आणि मूल हे शिल्प आहे. त्याच्याभोवती फिरून बघितलंस तर घनाकार म्हणजे काय हे समजायला व्याख्या लागणार नाही.

तयारी करताना तीन तास हातात आहेत असं धरून सराव कर. पहिली दहा मिनिटं बघणं आणि आगपेटीएवढ्या चौकटी. पस्तीस मिनिटं रेखाटन. पंधरा मिनिटं हलक्या पेन्सिलीनं सावल्यांच्या सीमा. दीड तास रंग, पार्श्वभूमीपासून पुढे येत. शेवटचा अर्धा तास फक्त दोन गोष्टींसाठी: टेकण्याच्या जागच्या गडद रेघा आणि मुख्य वस्तूच्या धारदार कडा. या वेळात नवीन काही सुरू करायचं नाही. घरी सराव करताना शेवटी मोबाईलवर मांडणीचा आणि चित्राचा फोटो काढ, दोन्ही काळे-पांढरे कर आणि शेजारी ठेव. टोन कुठं चुकला ते तिथंच दिसेल, सरांची वाट बघावी लागणार नाही.

सामान फार लागत नाही. एचबी, २बी, ४बी, ६बी पेन्सिली, मऊ खोडरबर. पेन्सिलीच्या सरावाला साधा कार्ट्रिज (चित्रकलेचा) कागद चालतो, पण जलरंगाला किमान २०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) घे. पातळ कागद ओला झाला की फुगतो, खळग्यांत रंग साचतो आणि दोष मात्र हाताला लागतो. गोल ब्रश तीन पुरेत: ३, ६ आणि १०. ओला करून झटकल्यावर ज्याचं टोक जुळतं तो घे, दुकानात तेवढं पाणी मागायला लाजू नकोस. बारा रंगांच्या पेटीऐवजी लेमन यलो, यलो ऑकर, व्हर्मिलियन, क्रिमसन, अल्ट्रामरीन, प्रशियन, बर्न्ट सिएना आणि बर्न्ट अंबर अशा आठ ट्यूब सुट्या घेतल्यास तर वर सांगितलेली बहुतेक सगळी मिश्रणं त्यांतून होतात. जांभळाही क्रिमसन-अल्ट्रामरीनमधून निघतो.